भंगारातले टीव्ही, परसातल्या कोंबड्या आणि आगरोधक केमिकल : पिल्लांवर काय परिणाम होतो?

खाडीकाठ (दापोली)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात घोळतंय ते विचारते. आमच्या वाडीच्या टोकाला, व्हाळाच्या पलीकडे, एका भंगारवाल्याने जागा भाड्याने घेतलीय. माणूस कष्टाळू आहे, अडीनडीला धावून येतो, त्याच्याविरुद्ध ओरड करायला हा धागा नाही. पण गणपतीच्या आधी घरोघरी आवराआवर होते तेव्हा जुने डबडा टीव्ही, स्टॅबिलायझर, खचलेले सोफे सगळं तिकडे जातं. टीव्हीचं मागचं काळं कव्हर हातोडीने फोडतात, त्याचा चुरा मातीत मिसळतो, फोमचे पिवळे तुकडे वाऱ्याने आमच्या कुंपणात येऊन अडकतात, संध्याकाळी वायरी जाळून तांबं काढतात. आणि सगळ्या वाडीच्या गावठी कोंबड्या दिवसभर तिथेच उकरत असतात कारण त्या ओल्या कचऱ्याखाली किडे-गांडुळं भरपूर.

अशा कव्हरात नि फोमात आग लवकर धरू नये म्हणून ब्रोमिनवाली केमिकलं घालतात, पीबीडीई हे त्यातलं सगळ्यात बदनाम नाव, एवढं मला माहीत आहे. ती प्लास्टिकमध्ये नुसती मिसळलेली असतात म्हणून हळूहळू बाहेर पडून धुळीत-मातीत येतात आणि जनावराच्या चरबीत साठतात. पण कोणाशी बोलायला गेलं की पहिला प्रश्न, कोंबडी मेली का? नाही मेली. अंडी देते का? देते. मग झालं तर.

मला काळजी आहे पिल्लांची. चरबीत साठणारी गोष्ट अंड्यात आली की बलकातच जाणार, आणि कोंबडी खुडूक बसली की २१ दिवस पिल्लू त्याच बलकावर वाढतं, बाहेरून दाणासुद्धा नाही. किती पोटात गेलं हे आपण विचारतो, पण कधी गेलं हे कोणीच विचारत नाही, आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. जनावरांच्या पिल्लांवर याचे काय परिणाम दिसलेत, कोणी वाचलंय, काम केलंय का?

आंबोळी

बाप रे. आमची मनी गेली कित्येक वर्षं सेट-टॉप बॉक्सवरच झोपते, ऊब लागते म्हणून. आता ती गाभण आहे. काही करायला हवं का?

शेपटीवाला डॉक्टर (चिपळूण)

आंबोळीताई, घाबरू नका, मनीला उठवून गोणपाटावर झोपवा नि बॉक्सवरची धूळ ओल्या फडक्याने पुसा. कोरडा झाडू मारला की धूळ फक्त जागा बदलते.

मांजरांबद्दल जे माहीत आहे ते सांगतो. मांजरांमध्ये थायरॉइड जास्त चालण्याचा आजार पहिल्यांदा नोंदला गेला १९७९ साली, न्यूयॉर्कमध्ये. मांजर खा खा खातं तरी वाळत जातं, छातीवर हात ठेवला तर धडधड वेगळी लागते. त्यानंतर अमेरिकेत हा म्हाताऱ्या मांजरांचा अगदी नेहमीचा आजार झाला, आणि हा काळ नेमका घराघरात आगरोधकवाला फोम शिरण्याचा. २००७ मध्ये तिथल्या पर्यावरण खात्याच्या शास्त्रज्ञांनी २३ मांजरांचं रक्त तपासलं, तर त्यात पीबीडीईचं प्रमाण तिथल्या मोठ्या माणसांच्या २० ते १०० पट. कारण साधं आहे, मांजर दिवसभर जमिनीवर नि फर्निचरवर लोळतं आणि मग अंग चाटून सगळी धूळ पोटात घेतं. रांगणारं मूल हात तोंडात घालतं तोच प्रकार. डबाबंद माशांचं खाणं खाणाऱ्या मांजरांमध्येही प्रमाण जास्त होतं.

पण दोन गोष्टी नीट लक्षात घ्या. एक, आजार याच केमिकलने होतो असं त्यातून सिद्ध झालेलं नाही, संशय जोरदार आहे एवढंच. दुसरं, हा म्हातारपणाचा आजार आहे आणि धाग्याचा प्रश्न पिल्लांचा आहे. पिल्लांबद्दल प्रयोगशाळेतल्या लोकांनी बोलावं.

गजालवाला (मालवण)

डॉक्टरांनू, आमच्या हयसर मांजरां घरात खंय ऱ्हवतत? दिवसभर बंदरार. बांगड्याची डोकी खातत नि जाळ्यार झोपतत. तेंका सोफो म्हायत नाय नि टीव्ही पण नाय. ह्या सगळा अमेरिकेतला दुखणा, आमच्या माथ्यार कित्याक?

प्रयोगवही (रत्नागिरी)

गजालवाला, बंदरावरची मांजरं सुटली असतील पण कोंबड्या सुटत नाहीत, त्यावर शेवटी येते.

आधी खाडीकाठताईंच्या 'कधी' बद्दल, कारण यावर झालेलं सगळ्यात बोलकं काम नेमकं तेच दाखवतं. स्वीडनमध्ये उप्साला विद्यापीठात पेर एरिक्सन नावाच्या शास्त्रज्ञांनी नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून छोट्या पांढऱ्या उंदरांच्या पिल्लांवर पीबीडीईचे प्रयोग केले. पिल्लू दहा दिवसांचं असताना तोंडावाटे फक्त एक डोस. पुढे काही नाही. पिल्लू नीट वाढतं, वजन नीट, आजारी दिसत नाही. मग दोन-चार महिन्यांनी, उंदीर पूर्ण मोठा झाल्यावर, त्याला नव्या पिंजऱ्यात सोडतात आणि तासभर बघत बसतात. नेहमीचा उंदीर नव्या जागी गेला की पहिली वीस मिनिटं सगळे कोपरे हुंगतो, मागच्या पायांवर उभा राहून भिंती चाचपतो, नाचतो, आणि मग हळूहळू ओळख पटली की शांत होऊन एका कोपऱ्यात बसतो. डोस मिळालेला उंदीर सुरुवातीला मंद असतो आणि तासाच्या शेवटी, जेव्हा दुसरे निवांत बसलेत तेव्हा, हा धावतच असतो. जागा ओळखीची झाली हे त्याच्या मेंदूला उमगतच नाही. आणि वय वाढेल तसं हे सुधारत नाही, बिघडतं.

यातली महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. हाच डोस त्यांनी तिसऱ्या दिवशी, दहाव्या दिवशी आणि एकोणिसाव्या दिवशी देऊन पाहिला. तिसऱ्या नि दहाव्या दिवसाच्या पिल्लांमध्ये हा बिघाड आला. एकोणिसाव्या दिवसाच्या पिल्लांमध्ये नाही आला. केमिकल तेच, मात्रा तीच. मेंदू जोरात वाढण्याचा जो काळ असतो तो उंदरात जन्मानंतरच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत येतो, माणसात पोटात असतानाच्या शेवटच्या तीन महिन्यांपासून साधारण दोन वर्षांपर्यंत.

हापूसप्रेमी (देवगड)

म्हणजे मोहोराच्या वेळचा पाऊस. तोच पाऊस जूनमध्ये आला तर झाडाला हवाच असतो, जानेवारीत तासभर पडला की वर्षाचं पीक गेलं, आणि झाड बघाल तर हिरवंगार उभं. आता समजलं.

खाडीकाठ

हापूसप्रेमी, अगदी हेच म्हणायचं होतं मला. झाड हिरवं दिसतंय म्हणून सगळे गप्प आहेत.

कोष्टक (पुणे, मूळ गुहागर)

थोडा विरोधी सूर लावतो, राग नसावा. उप्सालाच्या प्रयोगांवर जुना आक्षेप आहे. एकाच आईची पिल्लं एकमेकांसारखी असतात, त्यामुळे हिशोब करताना एक वेत म्हणजे एक नमुना धरायला हवा. त्यांनी एकेक पिल्लू स्वतंत्र नमुना धरलं, त्यामुळे फरक आहे त्यापेक्षा ठळक दिसू शकतो. शिवाय डोस शरीराच्या वजनाच्या मानाने मोठे होते, वाडीतल्या कोंबडीच्या पोटात धुळीतून जातं ते त्यापेक्षा फार कमी असणार. एका लॅबच्या कामावर गाव हादरवू नये असं मला वाटतं.

प्रयोगवही

कोष्टक, आक्षेप रास्त आहे आणि तो त्या क्षेत्रातल्या लोकांनीही घेतलेला आहे. म्हणूनच मी एका लॅबवर थांबत नाही.

२०१७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमीच्या समितीने जगभरचे उंदरांवरचे अभ्यास आणि माणसांच्या मुलांवरचे अभ्यास एकत्र चाळले, दोषांसकट. उंदरांची एक परीक्षा असते, गढूळ पाण्याच्या टाकीत पृष्ठभागाच्या जरा खाली एक छोटा चौथरा लपवलेला असतो, उंदराला पोहून तो शोधायचा नि पुढच्या वेळी जागा लक्षात ठेवायची. लहानपणी पीबीडीई मिळालेल्या उंदरांना चौथरा सापडायला जास्त वेळ लागतो असं त्या सगळ्या कामातून एकत्रितपणे दिसलं, आणि माणसाच्या बुद्धीच्या वाढीलाही यापासून धोका आहे असं गृहीत धरावं असा समितीचा निष्कर्ष होता.

डोसबद्दल. प्रयोगात एकदा मोठा देतात, वाडीत थोडा थोडा रोज जातो आणि चरबीतून लवकर निघत नाही, साठत जातो. माणसाच्या शरीरात कमी ब्रोमिनवाल्या पीबीडीईचं प्रमाण निम्मं व्हायला वर्षं लागतात. डेका नावाचं सगळ्यात जड जे आहे ते काही आठवड्यांत निघून जातं, पण उन्हात नि माशांच्या शरीरात त्याचे ब्रोमिन सुटून तेच हलक्या, टिकाऊ प्रकारात बदलतं. कोकणातल्या उन्हात उघड्यावर पडलेलं टीव्हीचं कव्हर म्हणून मला जास्त खुपतं.

कोष्टक

२०१७ चा अहवाल वाचतो. धन्यवाद.

करवंद (सावंतवाडी)

यातलं बरंच काही थायरॉइडमधून होतं हे कोणीतरी सोपं करून सांगायला हवं म्हणून लिहितोय. पीबीडीईची आणि शरीरात त्याचं जे रूपांतर होतं त्याची ठेवण आपल्या थायरॉइड हार्मोनसारखी आहे, फक्त आयोडीनच्या जागी ब्रोमिन. रक्तात हार्मोन वाहून नेणारं जे प्रथिन असतं त्यावर हे केमिकल जागा अडवून बसतं, आणि लिव्हर उरलेलं हार्मोन लवकर बाहेर टाकतं. गाभण उंदरांना पीबीडीई दिलं की त्यांच्या आणि पिल्लांच्या रक्तातलं टी-४, म्हणजे थायरॉइडचं मुख्य हार्मोन, उतरतं, हे अनेक लॅबमध्ये पुन्हा पुन्हा दिसलंय. आणि पिल्लाचा मेंदू, कान, हाडं सगळं त्या हार्मोनच्या इशाऱ्यावर वाढतं.

हे डोळ्याने बघायचं असेल तर बेडकाकडे बघा. मृगाच्या पहिल्या पावसानंतर कातळसड्यावरच्या डबक्यात बेडकांची पिल्लं वळवळत असतात, काळी, शेपटीवाली. त्यांना पाय फुटायचे, शेपटी आटायची, कल्ल्यांवरून फुप्फुसावर यायचं, हे सगळं थायरॉइड हार्मोन करतं, दुसरं कोणी नाही. आफ्रिकन झेनोपस बेडकांच्या पिल्लांना पेंटा, म्हणजे कमी ब्रोमिनवाल्या पीबीडीईचं मिश्रण, दिलं तेव्हा हे रूपांतर रखडलं. मी दर पावसाळ्यात आमच्या सड्यावर तासन् तास ही डबकी बघतो. पाणी आटायच्या आत पाय फुटले नाहीत तर ते पिल्लू संपलं, डबकं काही थांबत नाही त्याच्यासाठी. लॅबमध्ये ज्याला 'उशीर' म्हणतात त्याची सड्यावर किंमत जीव असते.

रानमेवा

करवंददा, शेवटची ओळ वाचून गलबलून आलं. सड्यावरच्या पक्ष्यांचं काय? आमच्याकडे खरुची येते हिवाळ्यात, हवेत एका जागी फडफडत उभी राहते ती.

करवंद

खरुचीच्याच अमेरिकन भावंडावर, अमेरिकन केस्ट्रलवर, कॅनडात मोठं काम झालंय. अंड्यात असतानाच आणि घरट्यात पिल्लू असताना पीबीडीई दिलं. थायरॉइड हार्मोन नि जीवनसत्त्व अ यांच्यात बिघाड, रोगप्रतिकारक अवयवांत बदल. मोठ्या जोड्यांना दिलं तेव्हा मादीने अंडी उशिरा घातली, कवचं पातळ झाली, नर-मादीच्या प्रियाराधनातही बदल दिसला. पिल्लं तर वजनाने मोठी झाली होती काही प्रयोगांत, म्हणजे वरवर बघणारा म्हणेल मस्त वाढलीत.

सुरंगी (कुडाळ)

इतका वेळ लॅबचंच चाललंय, पण खऱ्या गोठ्यात हे एकदा घडून गेलंय, ते इथे यायलाच हवं. माझ्या सासऱ्यांचा गोठा आहे म्हणून मी हे खूप बारकाईने वाचलं होतं.

१९७३, अमेरिकेतलं मिशिगन राज्य. एकच कंपनी दोन वस्तू बनवायची. एक न्यूट्रीमास्टर, म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइड, गाईंच्या खुराकात घालायचं. दुसरं फायरमास्टर, म्हणजे पीबीबी, प्लास्टिकमध्ये घालायचं आगरोधक, पीबीडीईचा सख्खा भाऊ. नावं जवळजवळ सारखी. पोत्यांची गडबड झाली आणि फायरमास्टरची पोती पशुखाद्याच्या गिरणीत गेली, तिथे ते खुराकात मिसळलं गेलं आणि राज्यभर गेलं.

गाई चारा सोडू लागल्या, दूध निम्म्यावर आलं, खूर वेडेवाकडे लांब वाढले, केस गळले, कातडी जाड झाली. आणि वासरं. पोटातच मेलेली, नाहीतर जन्मून थोड्या वेळात जाणारी. शेतकऱ्यांना सगळे सांगत राहिले की तुमचंच काहीतरी चुकतंय. रिक हॅलबर्ट नावाचा एक दुग्ध-शेतकरी केमिकल इंजिनिअरिंग शिकलेला होता, तो स्वतःच्या खिशातून खाद्याचे नमुने तपासत राहिला, शेवटी १९७४ मध्ये पीबीबी सापडलं. तोवर जवळजवळ वर्ष गेलं होतं, लोकांनी दूध प्यायलं होतं, मांस-अंडी खाल्ली होती. सुमारे ३० हजार गुरं आणि १५ लाख कोंबड्या मारून पुराव्या लागल्या.

त्यानंतरचं जास्त हलवणारं आहे. त्या काळात ज्या बायकांच्या शरीरात हे गेलं होतं त्यांच्या मुलींवर पुढे अभ्यास झाला, २००० साली आला. ज्या मुलींना पोटात असताना जास्त प्रमाण मिळालं आणि वर अंगावरचं दूधही मिळालं, त्यांना पाळी साधारण वर्षभर आधी आली. गाईच्या खुराकातली एक चूक, आणि हिशोब पुढच्या पिढीच्या शरीरात.

आमच्याकडे पेंड येते ती गोणी सासरे अजून उघडून, हुंगून, चिमूट जिभेला लावून बघतात. पीबीबीला हुंगून काय कळणार.

शेपटीवाला डॉक्टर

सुरंगीताई, फार चांगलं लिहिलंत. भर एवढीच घालतो, वासरू मेलं की आपल्याकडे पहिली शंका ब्रुसेलोसिस, थायलेरिया, खनिजांची कमतरता यांची घ्यावी आणि तीच बरोबर आहे. गावातल्या प्रत्येक गर्भपातामागे आगरोधक शोधू नका. पण भंगाराच्या जागेजवळ चरणारी गाय असेल तर डॉक्टरला ते जरूर सांगा, आम्हाला कोणी सांगत नाही.

वायरमन (देवगड)

मी तीस-पस्तीस वर्षं हेच काम करतो त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. आग तुम्ही पाहिलेली नाही. बोर्डात ठिणगी पडून माडाच्या झावळांचा मांगर दहा मिनिटांत राख झालेला मी पाहिलाय, आत बांधलेल्या शेळीसकट. टीव्हीच्या कव्हराने आग धरू नये ही मागणी चुकीची नाही.

आता भंगाराबद्दल. सगळं एकाच मापाने मोजू नका. हिरवं सर्किट बोर्ड असतं त्यातलं ब्रोमिनचं केमिकल रेझिनला रासायनिक बांधलेलं असतं, ते सहज सुटत नाही, जाळलं तर मात्र वाईट. जुन्या टीव्हीच्या कव्हरात नुसतं मिसळलेलं असतं, ते सुटतं. सोफ्याच्या फोमचं म्हणाल तर आपल्याकडे घरच्या सोफ्याला आगीची परीक्षा पास व्हायची सक्ती नव्हती, कॅलिफोर्नियात १९७५ पासून होती, म्हणून तिकडचे सोफे या केमिकलने भरलेले. आपल्या फोममध्ये असेलच असं नाही. त्यामुळे खाडीकाठताई, फोमपेक्षा काळं कव्हर आणि जळणाऱ्या वायरी यांच्याकडे आधी बघा. ब्रोमिनचं प्लास्टिक धुमसत जळलं की त्यातून डायॉक्सिनच्या जातीची विषं तयार होतात, ती मूळ केमिकलपेक्षा भयंकर.

खाडीकाठ

वायरमनकाका, हे फार उपयोगी सांगितलंत. आग न लागणं महत्त्वाचं यात वादच नाही. पण कॅलिफोर्नियाने स्वतःच २०१३ मध्ये तो नियम बदलला ना? उघड्या ज्योतीची परीक्षा काढून वरच्या कापडाने धुमसू नये अशी परीक्षा आणली, आणि त्यासाठी फोममध्ये केमिकल घालायची गरज उरली नाही.

वायरमन (देवगड)

हो, बरोबर. आणि एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) नि अर्थिंग नीट असेल तर बऱ्याच आगी लागतच नाहीत. त्यावर खर्च करा.

हापूसप्रेमी

आमच्या ग्रुपवर आलंय की स्वयंपाकातला काळा प्लास्टिकचा झारा फेकून द्या, त्यात हेच टीव्हीचं प्लास्टिक असतं. बायकोने फेकला पण.

प्रयोगवही

त्यात तथ्य आहे आणि गडबडही आहे. काळ्या रिसायकल प्लास्टिकमधून जुन्या टीव्हीतलं डेका झाऱ्यांत नि खेळण्यांत येतं हे खरं. पण २०२४ च्या ज्या अभ्यासामुळे हा मेसेज फिरला त्यात गुणाकार चुकला होता. दर किलो वजनाला ७,००० नॅनोग्रॅमची मर्यादा, ६० किलोच्या माणसाला ४,२०,००० व्हायला हवी, त्यांनी ४२,००० लिहिलं. त्यामुळे मर्यादेच्या जवळ वाटलेलं प्रमाण प्रत्यक्षात तिच्या दहाव्या हिश्शापेक्षा कमी निघालं. लेखकांनी दुरुस्ती छापली. लाकडी झारा वापरावा हे माझंही मत, पण घाबरून नव्हे. तान्ह्या बाळाच्या तोंडात जाणारं काळं स्वस्त खेळणं मात्र मी घरात येऊ देत नाही.

बंदर रोड (हर्णै)

सगळे टीव्हीवर अडकलात. आमच्या बंदरावर येऊन बघा, थर्माकोल. मासळीचे खोके, तुटले की तिथेच. लाटांनी घासून घासून साबुदाण्याएवढे दाणे होतात, वाळूत भरलेले असतात. त्यात पण आगरोधक असतं का?

प्रयोगवही

बंदर रोड, महत्त्वाचा मुद्दा काढलात. इमारतींसाठी जो थर्माकोल बनतो त्यात एचबीसीडी नावाचं ब्रोमिनवालं आगरोधक घालायचे, तेही २०१३ मध्ये स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे टिकाऊ विषारी केमिकलं बंद करायच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत गेलं. मासळीच्या खोक्याला किंवा पाण्यातल्या बोयाला ते घालायची काही गरज नाही. पण दक्षिण कोरियात कालवांच्या शेतीतले थर्माकोलचे बोये तपासले तर त्यात ते सापडलं, आणि त्या बोयांना चिकटून वाढलेल्या शिणाण्यांच्या (शिंपल्यांच्या) अंगात इतर जागेवरच्या शिणाण्यांपेक्षा जास्त आढळलं. हे काम २०१६ मध्ये आलं. म्हणजे थर्माकोलमधून थेट जिवात.

कालवं

मग शिणाणे खायचे की नाही? सरळ सांगा.

प्रयोगवही

खडकावरचे खा, थर्माकोलला चिकटलेले नको.

वेळासचा वारा (मंडणगड)

समुद्रातल्या जिवांवरून आठवलं ते लिहितो. आमच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले अंडी घालून जाते, गावातली मुलं हॅचरीत पिल्लं सांभाळतात आणि सकाळ-संध्याकाळ समुद्रात सोडतात. ते बघताना मला नेहमी वाटतं, वाळूतल्या त्या अंड्यात आईने काय काय भरून दिलं असेल. अन्नही तिचंच आणि साठलेलं सगळंही तिचंच.

डॉल्फिनमध्ये तर हे नीट मोजलेलं आहे, अशा चरबीत साठणाऱ्या केमिकलच्या बाबतीत. मादी आयुष्यभर साठवते आणि पहिल्या वेळी विते तेव्हा तिच्या अंगातला मोठा हिस्सा दुधावाटे पहिल्या पिल्लाला जातो. पुढच्या पिल्लांना कमी. नराच्या अंगात साठतच राहतं, त्याला उतरवायची वाटच नाही. स्वीडनमध्ये आईच्या दुधाचे साठवलेले जुने नमुने तपासले तेव्हा १९७२ ते १९९७ मध्ये पीबीडीई दर पाच वर्षांनी दुप्पट होत गेलं होतं. त्यानंतर उतरायला लागलं. पहिलटकरणीच्या पिल्लाने हा भार का घ्यायचा, हे मला कोणी समजावू शकत नाही.

रानमेवा

पण आता बंदी आहे ना आपल्याकडे? मग हा प्रश्न जुना होत चाललाय असं नाही का?

सुरंगी

बंदी आहे. ई-कचऱ्याच्या २०११ च्या नियमांतच नव्या उपकरणांत पीबीबी-पीबीडीई ०.१ टक्क्यापेक्षा जास्त नको असं आलं, आणि २०१८ च्या नियमांनी पेंटा, ऑक्टा (हे दोन्ही पीबीडीईचेच प्रकार), एचबीसीडी यांचं उत्पादन, वापर, आयात बंद झाली. पण माझ्या माळ्यावरचा टीव्ही त्याच्या आधीचा आहे. कोकणात वस्तू टाकत नाहीत, माळ्यावर ठेवतात, आणि माळे आत्ता कुठे रिकामे होतायत. भंगार वाढायची वेळ आत्ता आलीय.

प्रयोगवही

शिवाय एक गेलं की दुसरं येतं. अमेरिकेत पेंटा बंद झाल्यावर फोममध्ये फायरमास्टर ५५० आलं (मिशिगनचं पीबीबी नव्हे, वेगळं मिश्रण). २०१३ मध्ये त्याचा छोटा प्रयोग मोठ्या जातीच्या उंदरांवर (रॅट) झाला, गाभणपणात आणि दूध पाजण्याच्या काळात आईला दिलं. पिल्लं लठ्ठ झाली, माद्या लवकर वयात आल्या. नाव तेवढं नवीन.

आता कोंबड्यांवर येते, गजालवाल्यांना सांगितलं होतं. ई-कचरा फोडायच्या नि जाळायच्या जागांजवळच्या मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांची अंडी जगात अनेक ठिकाणी तपासली गेलीत, घानामधल्या अ‍ॅग्बोग्ब्लोशीची तर फार गाजली. मातीत काय आहे ते अंड्यात उतरतं, म्हणून शास्त्रज्ञ माती तपासायला अंडीही गोळा करतात. पिंजऱ्यातली कोंबडी यातून वाचते, गावठी सापडते. खाडीकाठताई, तुमची शंका अगदी योग्य जागी आहे.

गजालवाला (मालवण)

आता पटला. आमच्या शेजारच्या भंगारवाल्याकडे पण कोंबडे फिरतत. उद्या सांगतंय आवशीक, थयची अंडी रवणीक लावूची नाय.

खाडीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. आमच्या वाडीत बसून ठरवलं ते लिहिते म्हणजे कोणाला उपयोग झाला तर होईल. खुडूक बसवायची अंडी यापुढे व्हाळाच्या अलीकडे, जाळीत ठेवलेल्या कोंबड्यांचीच. गाभण मांजरी, व्यायलेल्या शेळ्या तिकडे जाऊ द्यायच्या नाहीत. पोरांनी तिथे खेळून आल्यावर हातपाय धुतल्याशिवाय खायला द्यायचं नाही. भंगारवाल्याशी बोलले, त्याची स्वतःची दीड वर्षाची मुलगी तिथेच त्या मातीत बसलेली असते, ते बोलताना माझा आवाज जरा चढला. त्याने ऐकून घेतलं. टीव्ही फोडायचा नाही, आख्खाच पुढे द्यायचा, याला तो तयार आहे, गाडी भरेपर्यंत वरून ताडपत्री टाकतो म्हणाला. वायरींवर मात्र अडलाय. जाळल्याशिवाय तांबं कसं काढू, पोट त्यावरच आहे म्हणतो. उघड्यावर कचरा जाळायला नियमाने बंदी आहे हे मला माहीत आहे, पण नुसता नियम दाखवून त्याच्या पोटावर पाय द्यायची माझी इच्छा नाही.

वायरमन (देवगड)

त्याला सांगा, जळलेल्या तांब्याला भाव कमी मिळतो. काळं पडतं, राख चिकटते, मोठा व्यापारी वजनातून नि दरातून कापतो. सोललेलं लखलखीत तांबं वरच्या दराने जातं. हाताने फिरवायचं वायर सोलायचं छोटं मशीन मिळतं, वीज लागत नाही, जाड वायरी फटाफट सोलून होतात. बारीक वायरी सोलत बसणं परवडत नाही, त्या गोणीत भरून तशाच पुढे विकाव्यात, मोठ्या कारखान्यात दळून तांबं वेगळं काढतात. माझ्याकडे एक जुनं मशीन पडून आहे, पातं बदललं की चालेल. दापोलीला कोणी येणार असेल तर देऊन ठेवतो.

बंदर रोड (हर्णै)

काका, सोमवारी आमची गाडी देवगडला बर्फ सोडायला येतेय, परत येताना मशीन घेतो नि दापोलीत ताईंकडे उतरवतो. ड्रायव्हरचा नंबर तुम्हाला दोघांना व्यक्तिगत निरोपात पाठवतो.